नऊ रिकामे, एक तुडुंब

काळ्या पडद्यावर पांढरे बाण उमटत होते. एका ओळीत मावले नाहीत म्हणून दुसरीत, मग तिसरीत. बघता बघता अर्धा पडदा भरला. त्यानंतर नऊ ओळी नुसत्या शून्याच्या. मग पुन्हा बाणांची तीच दाटी आणि पुन्हा नऊ शून्यं. तुमसरमधल्या एका घराच्या माडीवर, खिडकीपाशी टेबल टाकून बसलेल्या अभियंता बाई तो पडदा सावकाश पुढे सरकवत होत्या. प्रत्येक बाण म्हणजे एक नोंद. प्रत्येक शून्य म्हणजे नोंदी ठेवायचा एक रिकामा कप्पा. त्यांच्या कामात त्याला ग्रुप म्हणतात. "दहातले नऊ ग्रुप फाइल जन्मल्यापासून रिकामे आहेत," त्या म्हणाल्या, "आणि दहाव्यातलं शेवटचं रेकॉर्ड हाती यायला 33 वाचनं लागतात. जे काम एका वाचनात व्हायला पाहिजे, त्याला 33."

तुमसरला जाणं झालं ते याच आकड्यासाठी. नागपूरच्या एका घरगुती समारंभात तो त्यांच्या बोलण्यात ओझरता आला होता. जेवणाच्या पंगतीत कुणी पगार सांगत होतं, कुणी परदेशवाऱ्या. आणि या बाई मात्र एका फाइलमध्ये 33 वाचनं लागतात म्हणून अस्वस्थ होत्या. भंडारा जिल्ह्यावर लिहिणारे धानावर लिहितात, मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर लिहितात, भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांवर आणि चिखला-डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींवर लिहितात. डेटाबेसच्या आतले कप्पे मोजणाऱ्या माणसाकडे कुणी जात नाही. मार्च 2020 च्या टाळेबंदीत पुणं सोडून या बाई सासरी आल्या आणि काम इथूनच चालतंय म्हटल्यावर परत गेल्या नाहीत. क्लायंट अमेरिकेत आहे: पाइप, व्हॉल्व्ह आणि नळाचं सामान विकणारा एक घाऊक व्यापारी. त्याचं बिलांचं सगळं दफ्तर ज्या पद्धतीच्या फाइलींत आहे, त्या पद्धतीचा जन्म साठीच्या दशकातला.

खिडकीतून उसना मिलचा वास येत होता. भिजवून वाफवलेल्या धानाचा तो ओलसर, किंचित आंबूस वास तुमसरकरांच्या नाकाला कळतही नाही. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र तो दिवसभर पुरतो.

या फाइलींना हॅश केलेल्या फाइली म्हणतात. त्यामागची युक्ती जिल्ह्यातल्याच सात आकड्यांवर करून बघता येते. भंडाऱ्याला सात तालुके आणि तालुक्याच्या गावांचे सात पिनकोड. भंडारा 441904, तुमसर 441912, मोहाडी 441909, पवनी 441910, साकोली 441802, लाखनी 441804, लाखांदूर 441803. समजा सात कप्पे आहेत, शून्यापासून सहापर्यंत. पिनकोडला सातनं भागायचं आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या कप्प्यात त्या गावाचा कागद टाकायचा. पवनीची बाकी शून्य येते, भंडाऱ्याची एक, तुमसरची दोन, साकोलीची चार, लाखांदूरची पाच. मोहाडी आणि लाखनी या दोघांचीही सहा. तीन क्रमांकाचा कप्पा रिकामाच राहतो. उद्या कुणी तुमसरचा कागद मागितला तर यादी चाळायची गरज नाही. भागाकार करायचा, बाकी दोन, हात थेट दोन क्रमांकाच्या कप्प्यात. सात तालुक्यांऐवजी सात लाख बिलं असली तरी भागाकार एकच. या पद्धतीची सगळी ताकद त्यात आहे.

मोहाडी आणि लाखनी एकाच कप्प्यात पडले यात वावगं काही नाही. सात वस्तू सात कप्प्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या तर प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा मिळण्याचा योग हजारात जेमतेम सहा वेळा येतो. टक्कर होणारच, हे धरूनच कप्पा एकाहून जास्त कागद मावतील एवढा करतात. गणित तसं आपल्या ओळखीचंही आहे. पंचांगात संवत्सराचं नाव काढताना शकाच्या आकड्यात बारा मिळवून साठनं भागतात आणि उरलेल्या बाकीवरून नाव ठरवतात. शके 1947 अधिक 12 म्हणजे 1959. साठनं भागल्यावर बाकी 39 आणि साठांतलं एकोणचाळिसावं संवत्सर विश्वावसु. संगणकात ही कल्पना आणली ती आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी, 1953 सालच्या एका अंतर्गत टिपणात. 1956 मध्ये अर्नोल्ड ड्यूमी यांनी मूळ संख्येनं भागून बाकी घ्यायची रीत छापून मांडली. मूळ संख्येनंच का, याचं उत्तर तुमसरच्या त्या पडद्यावर होतं.

बाईंच्या क्लायंटकडच्या व्यवस्थेची वंशावळ अशी. 1965 च्या सुमारास टीआरडब्ल्यू या अमेरिकन कंपनीत डिक पिक आणि डॉन नेल्सन यांना शायेन नावाच्या लष्करी हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायची व्यवस्था बांधायची होती. शायेन हेलिकॉप्टरचं पुढे फारसं काही झालं नाही, हिशेबाची व्यवस्था मात्र जगली. 1973 मध्ये मायक्रोडेटा कंपनीनं तिला रिअ‍ॅलिटी या नावानं बाजारात आणलं. पुढे तिच्या अनेक शाखा झाल्या. त्यांतली युनिव्हर्स ही शाखा, जी या क्लायंटकडे आहे, 2001 मध्ये आयबीएमकडे आणि 2009 मध्ये रॉकेट सॉफ्टवेअरकडे गेली. ग्रंथालयं, महाविद्यालयं, मोटारींचे विक्रेते, घाऊक व्यापारी अशा ठिकाणी या शाखा वर्षानुवर्षं मुकाट्यानं चालत आल्या आहेत. नव्या अभियंत्यांना त्यांची नावंही ठाऊक नसतात. या बाईंनाही पुण्यात पहिल्या नोकरीत नाइलाजानंच हे काम मिळालं. सोबतच्या मुलांनी नव्या गोष्टी उचलल्या आणि हे यांच्या वाट्याला उरलं.

युनिव्हर्समध्ये अशी फाइल करताना तीन आकडे द्यावे लागतात. टाइप, म्हणजे क्रमांकाचं गणित कोणत्या सूत्रानं करायचं. 2 पासून 18 पर्यंत सतरा सूत्रं आहेत. मोड्युलो, म्हणजे कप्पे किती. आणि सेपरेशन, म्हणजे कप्पा केवढा. तो 512 बाइटच्या पटीत मोजतात. हे तीन आकडे कुणीतरी एकदा ठरवतो आणि मग फाइल वीस-तीस वर्षं त्यांवर जगते. त्या बिलांच्या फाइलचा टाइप 2, मोड्युलो 10000, सेपरेशन 4. म्हणजे दहा हजार कप्पे आणि प्रत्येक 2048 बाइटचा.

दहा हजार. कुणाच्याही हाताला सहज येणारा, गोल, देखणा आकडा. घात तिथेच झाला होता.

फाइलमध्ये साधारण सहा लाख नोंदी आहेत. एकेक नोंद म्हणजे बिलातली एक ओळ, सरासरी 110 बाइटची. या ओळींचे क्रमांक आठ आकडी आणि प्रत्येकाच्या शेवटी शून्य. कारण बिल लिहिणारा मूळ प्रोग्राम ओळींना 10, 20, 30 असे क्रमांक देतो. मध्ये एखादी ओळ घालावी लागली तर जागा असावी म्हणून कुणीतरी दहा-दहाचं अंतर ठेवलं. त्या माणसाला दोष द्यायला बाई तयार नाहीत. "त्याचा विचार बरोबरच होता. तो दुकानातल्या कारकुनाचा विचार करत होता. ज्यानं 10000 लिहिलं, त्याचंही काही चुकलं नाही, त्याला शेवटचं शून्य माहीत नव्हतं. दोघं कधी एकमेकांशी बोललेच नसतील."

पिकच्या मूळ सूत्रात क्रमांकाचं एकेक अक्षर घेतात, आधीच्या बेरजेला दहानं गुणून त्यात ते मिळवतात आणि शेवटी मोड्युलोनं भागून बाकी घेतात. आता मोड्युलोच दहाच्या पटीत असेल तर क्रमांकाचा शेवटचा अंक कप्प्याच्या क्रमांकाचा शेवटचा अंक ठरवून टाकतो. सगळ्या क्रमांकांचा शेवटचा अंक शून्य, म्हणून सगळ्या नोंदी दहातल्या एकाच कप्प्यात. दहा हजारांतले एक हजार कप्पे कामाला लागले, नऊ हजार तसेच पडून. हजार कप्प्यांत सहा लाख नोंदी, म्हणजे प्रत्येकात सहाशे. सहाशे गुणिले 110 म्हणजे 66000 बाइट. कप्प्यात मावतात 2048. उरलेलं सगळं ओव्हरफ्लो: मूळ कप्पा भरला की फाइलच्या शेवटी आणखी एक तुकडा जोडला जातो आणि आधीच्या तुकड्यात त्याचा पत्ता लिहिला जातो. तो भरला की आणखी एक. 66000 ला 2048 नं भागलं की 32 पूर्ण आणि थोडं उरतं. म्हणून 33 तुकडे, आणि तुकड्यागणिक एक वाचन.

बाईंच्या सासऱ्यांना हे ऐकून ऐकून पाठ झालं आहे. ते भंडाऱ्याच्या अभिलेख कक्षात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दुपारच्या चहाला ते माडीवर येतात, पडद्याकडे बघतात आणि स्वतःच्या भाषेत सांगतात. "आमच्या बस्त्याचंही असंच राहत होतं. गावाचा एक बस्ता. त्यात निस्तार पत्रक, बंदोबस्ताची मिसल, हक्कनोंदी. छोट्या गावाचा बस्ता हातात मावे. पण तलाव आला, मालगुजारीचा वाद आला, की त्या गावाचा बस्ता फुगत जाय. मग गाठ बसत नाही म्हणून दुसरा बांधायचा, तो जागा असेल त्या रॅकवर टाकायचा आणि पहिल्यात चिठ्ठी ठेवायची. तिसरा आणखी कुठे. चिठ्ठी पडली की संपलं." सून मान डोलावते. तिच्या फाइलमध्येही चिठ्ठी पडते. एका तुकड्यातला पुढचा पत्ता बिघडला तर त्यापुढच्या सगळ्या नोंदी फाइलमध्ये असूनही दिसेनाशा होतात. दुरुस्तीची हत्यारं वेगळी आहेत, ती काढायची वेळ येऊ नये अशीच प्रार्थना असते. साखळी 33 तुकड्यांची असेल तर बिघडायला 32 जागा. एका तुकड्यात सगळं मावलं तर एकही नाही.

1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हाचं सासरे सांगतात ते या कामाच्या फार जवळचं आहे. नुसता नकाशावर रेघ मारून भागलं नाही. एकेक बस्ता उचलून हा इकडचा की तिकडचा हे बघावं लागलं. हॅश फाइलचा मोड्युलो बदलला की नेमकं तेच होतं. भाजक बदलला की प्रत्येकाची बाकी बदलते. सहा लाख नोंदींतली प्रत्येक उचलून, पुन्हा भागून, नव्या कप्प्यात ठेवावी लागते. काही नोंदी तेवढ्या हलवून भागत नाही.

पण 33 वाचनं प्रत्येक वेळी लागत नाहीत, हे सांगायला हवं. जी नोंद आहे ती साखळीत कुठेही असू शकते, सरासरी निम्म्यावर सापडते. सतरा वाचनांत काम होतं. सगळी 33 लागतात ती जे नाही ते शोधताना. "हा क्रमांक आधीच आहे का?" याचं "आहे" हे उत्तर वाटेत कुठेही मिळू शकतं. "नाही" हे उत्तर मात्र शेवटचा तुकडा पाहिल्याशिवाय देता येत नाही. आणि नवी नोंद घालताना प्रोग्राम पहिल्यांदा हेच विचारतो. रात्रीच्या बॅचमध्ये दिवसभराच्या नव्या ओळी आत जातात आणि त्यांतली प्रत्येक ओळ घालण्याआधी अख्खी साखळी चालून येते. फाइल जुन्या नोंदींपेक्षा नव्या नोंदींना जास्त छळत होती. बाईंचा खरा राग यावर आहे. त्या याबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढतो आणि खाली चहाचे कप विसळणाऱ्या सासूबाई वर बघतात.

यावर कुणी म्हणेल, आज मशीनची मेमरी एवढी असते की अख्खी फाइल तिच्यात मावेल, मग डिस्कवरची वाचनं मोजायची कशाला? क्लायंटच्या लोकांनी हेच म्हटलं होतं. ही फाइल सगळी मिळून 86 मेगाबाइटच्या आसपास, आजच्या मोबाइलमधल्या एखाद्या व्हिडिओएवढी. मेमरीनं दुखणं झाकलं जातं हे बाईंना मान्य आहे, पण ते बरं होत नाही. मेमरीत असल्या तरी सहाशे नोंदी एकीमागून एक तपासाव्याच लागतात. शिवाय एखाद्या ग्रुपमध्ये लिहिणं चालू असलं की तेवढा वेळ तो ग्रुप कुलुपात जातो. सगळा धंदा दहा हजारांऐवजी एक हजार कुलुपांवर चालत असेल तर माणसं एकमेकांची वाट अडवणारच. "सर्व्हर मोठा घ्या" हे उत्तर कुणालाही सुचतं आणि ते बऱ्याचदा विकतही घेतलं जातं. आत डोकावून बाण मोजायला कुणी जात नाही. इथे डोकावणारी बाई आहे, म्हणून खर्च वाचला, असं या भेटीनंतर ठामपणे म्हणता येतं.

नवे आकडे ठरवायला आठवडा गेला. युनिव्हर्समध्ये त्यासाठी हुकूम आहेत. ग्रुप.स्टॅट कप्प्यांतली गर्दी बाणांनी दाखवतो. हॅश.हेल्प नोंदींचा आकार आणि क्रमांकांची घडण बघून तीन आकडे सुचवतो. हॅश.एड त्याहून कामाचा: आपण म्हणू त्या आकड्यांवर सगळे क्रमांक नुसते गणितानं वाटून बघतो, फाइलला हात न लावता. पहिला हिशेब सरळ होता. सहा लाख गुणिले 110 म्हणजे 6.6 कोटी बाइट. कप्पा ऐंशी टक्के भरावा असं धरलं तर एका कप्प्यात 1638 बाइट, म्हणजे चाळीस हजारांहून थोडे जास्त कप्पे. सूचनेप्रमाणे तिथे थांबता आलं असतं. बाई थांबल्या नाहीत. नोंदी सगळ्या 110 बाइटच्या नसतात, काही बिलांत लांबलचक शेरे असतात. आणि फाइल दरवर्षी वाढते. ऐंशी टक्क्यांवर बसवलेली फाइल दोन वर्षांत पुन्हा सांडायला लागेल. त्यांनी पन्नास हजारांच्या पुढचा आकडा घ्यायचा ठरवला. 50000 मात्र नाही, तो दहानं भागला जातो. लगेचची मूळ संख्या 50021. तिला दोनानं भाग जात नाही, पाचानं जात नाही, शेवटच्या शून्याशी तिचं काही देणंघेणं नाही. हॅश.एडवर टाइप 2 आणि 50021 घालून बघितलं: कप्प्यागणिक बारा नोंदींच्या आसपास, 1320 बाइट, म्हणजे चौसष्ट टक्के. ओव्हरफ्लो फक्त जिथे मोठे शेरे आहेत तिथे.

फाइल डिस्कवर 86 वरून 102 मेगाबाइटवर जाणार होती. यावर क्लायंटकडच्या एका व्यवस्थापकानं हरकत घेतली: वेग वाढवायला सांगितलं आणि तुम्ही फाइलच मोठी करता? बाईंनी त्याला ग्रुप.स्टॅटची दोन पानं पाठवली. एक आजचं, एक हॅश.एडनं काढलेलं. दुसऱ्या पानावर एकही शून्य नव्हतं. संमती त्याच दिवशी आली.

फाइल नव्यानं मांडताना दुसऱ्या कुणाचाही हात तिच्यात नको असतो. त्यासाठी क्लायंटकडची शनिवारची मध्यरात्र उलटल्यानंतरची वेळ मिळाली. त्यांच्याकडे रविवारी पहाटेचा एक, तुमसरला साडेअकरा. घरात रविवारची गडबड. खाली वरणाला फोडणी पडली होती, रस्त्यावर आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजत होती, मिलचा वास होताच. बाईंनी केस बांधले, फोन उलटा ठेवला. बॅकअप आधीच झालेला होता. तरी तो दुसऱ्या जागी उघडून दहा नोंदी वाचून बघितल्या. मग नोंदी मोजल्या आणि एका रकान्याची एकूण बेरीज घेऊन वहीत लिहिली. वहीत, पेननं. मग हुकूम: रिसाइझ, फाइलचं नाव, टाइपच्या जागी तारा, 50021, सेपरेशनच्या जागी तारा. तारा म्हणजे आधीचं होतं तेच ठेव. काम फँटम म्हणून सोडलं, म्हणजे ते अमेरिकेतल्या सर्व्हरवर मागे चालू राहील. तुमसरचं इंटरनेट गेलं, लाइन गेली, तरी मध्ये तुटणार नाही. इथे पावसाळ्यात लाइन जाते. ती त्या दिवशीही गेली आणि इन्व्हर्टरवर पडदा तेवढा उजळ राहिला.

सासूबाई जिन्यातून डोकावल्या. "चाल ना वं जेवाले, भाजी थंडी होते."

"आई, पाच मिनिटं."

"केव्हाची पाच मिनटं म्हनते. काय मोजत राहते एवढं?"

नोंदी मोजल्या गेल्या. वहीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा एक. रकान्याची बेरीज एक. मग ग्रुप.स्टॅट. बाण आता छोट्या छोट्या रांगांत होते, अकरा, बारा, तेरा, बारा. रोवणा झालेल्या बांधीसारखे, असं काही म्हणायची गरजच नाही, ते नुसते बरोबर होते. बाई पडदा पुढे सरकवत राहिल्या. एका ठिकाणी थांबल्या: एका ग्रुपमध्ये दोनच तुकड्यांची साखळी दिसली. उघडून बघितलं तर चार-पाच बिलांत गिऱ्हाइकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार शेऱ्याच्या रकान्यात चिकटवलेला. तो त्यांनी तसाच ठेवला. त्यासाठी पन्नास हजार कप्प्यांचा आकार वाढवणं परवडणारं नव्हतं.

सोमवारी बॅच किती वेळात संपली हे विचारल्यावर त्यांनी तो आकडा द्यायला नकार दिला. वेळ हा सगळ्यांत फसवा पुरावा, असं त्यांचं म्हणणं. त्या रात्री बिलं कमी असतील, दुसरं एखादं काम बंद असेल, नेटवर्क रिकामं असेल. वेळ कशानंही कमी होतो आणि मग आपण पाठ थोपटून घेतो. वाचनांचा आकडा तसा बदलत नाही. "आहे का?" या प्रश्नाला आधी 33 लागत होती, आता एक लागतं. जिथे शेरे आहेत तिथे दोन. बॅच लवकर संपली एवढं त्यांनी कबूल केलं. पगारवाढीच्या वेळी मात्र वेळच दाखवावा लागतो, 33 चा आकडा कुणाला कळत नाही, हेही त्यांनी सांगितलं. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता; ऐकणाऱ्याला मात्र तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

हे काम आता लागतंच कशाला, असाही एक मुद्दा आहे आणि तो हलका नाही. 1980 मध्ये विटोल्ड लिटविन यांनी लिनिअर हॅशिंगची रीत मांडली. तिच्यात फाइल वाढली की कप्पे एकेक करून आपोआप फुटतात, कमी झाली की जुळतात. सगळं सामान एकदम हलवावं लागत नाही. युनिव्हर्समधल्या टाइप 30 च्या फाइली याच रीतीनं चालतात. भार ऐंशी टक्क्यांवर गेला की एक कप्पा दुभागायचा, पन्नासच्या खाली आला की दोन जोडायचे, असे तिचे ठरीव आकडे आहेत. मग सगळ्या फाइली टाइप 30 करून का टाकत नाहीत? ज्या फाइली कशा वाढतील याचा अंदाज नाही, त्या बाई तशाच करतात. पण ज्या फाइलची घडण माहीत आहे, क्रमांक कसे पडतात आणि नोंदी केवढ्या हे माहीत आहे, ती ठरीव कप्प्यांवर नीट बसवली तर अजूनही कमी हालचालीत उत्तर देते. आपोआप चालणाऱ्या फाइलकडे कुणी बघत नाही, आणि तिच्यातही भलीमोठी नोंद आली की ती मुख्य जागेबाहेर ओव्हरफ्लोच्या फाइलमध्ये जातेच. सगळी व्यवस्थाच नव्या डेटाबेसवर हलवावी असं म्हणणारे क्लायंटकडे आहेत. हलवतीलही. तोवर रोज बिलं फाडली जाणार, आणि ती ज्या फाइलींत जातात त्यांची काळजी घेणारं कुणी हवं. शिवाय नव्या डेटाबेसातही भागाकार करून वाटणी होते. पोस्टग्रेसमध्ये 2018 च्या अकराव्या आवृत्तीपासून तक्ते हॅश करून भागांत वाटता येतात. तिथेही एकच किल्ली वारंवार येत असेल तर एक भाग तुडुंब होतो आणि बाकीचे रिकामे राहतात. फक्त ते दाखवणारे बाण तिथे कुणी आपणहून पुढे आणून ठेवत नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी बाईंनी फाइलसोबतची टीप लिहिली. युनिव्हर्समध्ये फाइलचे आकडे दिसतात, ते का ठेवले हे दिसत नाही. म्हणून प्रत्येक फाइलसाठी त्या एक छोटी नोंद करून ठेवतात. या फाइलच्या नोंदीत असं होतं: क्रमांकांच्या शेवटी नेहमी शून्य असतं, म्हणून दहाच्या पटीतला मोड्युलो घेऊ नये. 50021 ही मूळ संख्या आहे. आज भरणा चौसष्ट टक्के. सरासरी भरणा ऐंशीला पोचला की पुन्हा मोजावं. शेऱ्यांच्या मोठ्या नोंदी मुद्दाम सोडल्या आहेत. मग त्यांनी यादीतली पुढची फाइल उघडली, गिऱ्हाइकांची. टाइप 18, मोड्युलो 4096. त्यातल्या किल्ल्या गिऱ्हाइकाच्या नावाची पहिली अक्षरं आणि पुढे आकडा अशा. त्यांनी ग्रुप.स्टॅट लिहिलं आणि खाली जेवायला जाण्याआधी तो चालू करून ठेवला.